घरात न घेतलेलं नाव

इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या जुन्या घराची गॅलरी गल्लीवर आलेली आहे. मार्गशीर्ष लागला की खालच्या गाडीवर संध्याकाळी गराडूचे कंद तळायला घेतात. तो वास, त्यावर भुरभुरलेला जिरावन मसाला आणि ‘बडा गणपती, बडा गणपती’ असा ई-रिक्षावाल्यांचा धोशा, हे सगळं एकदमच वर येतं. अण्णाकाका रोज या वेळी गॅलरीत बसतात. वय ८१, उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेलेला, आवाज अजून खणखणीत.

भावाला मुलगा झालाय. रविवारी बारसं. घरात आत्या मी एकटीच, त्यामुळे बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगण्याचा आणि त्यापायी पाठीत बायकांच्या बुक्क्या खाण्याचा मान माझा. नाव मी पुण्याहूनच ठरवून आले होते. भावाला विचारलं होतं, वहिनीला विचारलं होतं. अण्णाकाकांना विचारायचं राहिलं, कारण ते नाही म्हणतील हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

“मल्हार,” मी म्हणाले.

त्यांनी गराडूची बशी कठड्यावर ठेवली. “नको गं.”

“का?”

“दुसरं बघ एखादं. घाई काय आहे? जन्माच्या दाखल्यात नाव मागाहून भरता येतं. वर्षाच्या आत तर फीसुद्धा लागत नाही.”

“दाखल्याचं नाही विचारत मी, अण्णा. या नावात वाईट काय आहे?”

“वाईट काहीच नाही. फार आहे, एवढंच. आधी तू सांग, तुला ते का हवंय?”

मी तयारीनेच आले होते. म्हटलं, आपलं कुलदैवत खंडोबा. त्याचं हे नाव. मल्ल अधिक अरि, मल्लारि, त्याचं बोलीत मल्हारी झालं आणि माणसाला ठेवताना मल्हार. मणी आणि मल्ल हे दोन दैत्य भाऊ ऋषींना छळत होते, शंकराने मार्तंड भैरवाचं रूप घेऊन सहा दिवस युद्ध केलं आणि सहाव्या दिवशी, चंपाषष्ठीला, त्यांचा पाडाव केला. म्हणून आपलं नवरात्र सहा दिवसांचं. पोरगं नेमकं याच महिन्यात जन्मलंय. याहून चांगला योग कुठला?

“म्हणजे त्या नावाचा अर्थ काय झाला? अमक्याचा शत्रू.” अण्णाकाका शिक्षकी आवाजात म्हणाले. “बारा दिवसांच्या पोराला तू पहिली गोष्ट सांगणार ती ही, की तुझं एका माणसाशी वैर आहे.”

“मग मुरारीचं काय? मुर दैत्याचा अरि तो मुरारी. घरोघर मुरारी आहेत, आणि कुणी त्यांना मुराबद्दल विचारत नाही.”

“तेच म्हणतोय मी! कुणी विचारत नाही. अर्थ हा नाव ठेवायच्या दिवसापुरता असतो. सोमवारपासून ती हाक असते.”

मला हे पटलं नाही आणि आजही पटत नाही. मल्हारीची जी गोष्ट मला लहानपणापासून आवडते ती युद्धाची नाही, त्यानंतरची आहे. लोककथेत सांगतात की मरताना मल्लाने वर मागितला, माझं नाव तुझ्या नावाच्या आधी लागू दे. देवाने दिला. तेव्हापासून देवाला हाक मारायची तर आधी त्याच्या शत्रूचं नाव घ्यावं लागतं. हरलेल्याला पायाखाली घेणारे देव पुष्कळ आहेत. त्याला आपल्या नावात पुढची जागा देणारा हा एकच मला माहीत आहे. कुणाच्याही मुलाला देण्यासारखा याहून मोठ्या मनाचा अर्थ कुठला असेल? मी हे अण्णाकाकांना सांगितलं.

ते थोडा वेळ गप्प बसले. “ही गोष्ट मी वर्गात सांगायचो,” ते म्हणाले. “चांगली आहे. पण गोष्ट चांगली आहे म्हणून नाव चांगलं, हे काही खरं नाही. खाली बघ. ही पेठ सुभेदार होळकरांच्या नावाची. दिवसातून किती लोक ते नाव घेत असतील? पोलीस ठाण्याची पाटी आहे, बसची पाटी आहे, दुकानांच्या पावत्या आहेत. त्यांतल्या कुणाला घोड्यावरचा माणूस दिसतो? पुढे चल. महाराजा यशवंतराव रुग्णालय. इंदूरात एक तरी माणूस तसं म्हणतो का? एमवाय. महाराजा तुकोजीरावांचं काय झालं? एमटीएच. यशवंत निवास रोडचा झाला वायएन रोड. अगं, राजांच्या नावांची या शहराने आद्याक्षरं करून टाकली. वापरलं की नाव झिजतं, आणि झिजलं तरच ते चालतं. तू अर्थ घेऊन बसली आहेस.”

“आद्याक्षरं झाली तरी नाव तिथेच असतं. खोदलं की निघतं. होळकरांच्या रुपयावर टाकसाळीचं नाव काय असायचं? मल्हारनगर. फारसी लिपीत, दिल्लीच्या शाह आलम बादशहाच्या नावासोबत. आणि शिक्का सूर्याच्या मुखाचा. मार्तंड म्हणजे सूर्यच की. एका धनगराच्या देवाचं नाव बादशाही रुपयावर जाऊन बसलं. हे झिजणं आहे?”

“तो रुपया आज कुठे आहे? संग्रहालयाच्या काचेत.”

“आणि राजवाड्यातलं मल्हारी मार्तंडाचं देऊळ? ते तर काचेत नाही.”

“ते ८४ साली जळताना मी या दोन डोळ्यांनी पाहिलंय,” ते म्हणाले. “धूर इथून दिसत होता.”

“आणि पुन्हा उभं राहिलेलंही पाहिलंत.”

“पाहिलं.” त्यांनी गराडूचा एक तुकडा उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. आमच्या घरात वाद रंगात आला की खाणं पुढे सरकतं.

मग मी माझं आवडतं प्रकरण काढलं. सुभेदार मल्हारराव होळकर १६९३ साली जन्मले. गाव नीरेच्या काठचं होळ, जेजुरीपासून फार लांब नाही. वडिलांचं नाव खंडोजी. म्हणजे खंडोबाच. त्यांनी मुलाचं नाव ठेवलं मल्हार. तोही खंडोबाच. मल्हाररावांनी आपल्या मुलाचं नाव ठेवलं खंडेराव. खंडेराव आणि अहिल्याबाईंचा मुलगा मालेराव, त्यात तर आजोबांच्या नावाचाच आवाज ऐकू येतो. चार पिढ्या, चार पुरुष, आणि देव एकच. बाप मुलाला हाक मारताना देवाला हाक मारतो आहे, मुलगा बापाचं नाव सांगताना देवाचं नाव सांगतो आहे. मेंढरं राखणाऱ्या घराने मुलाला दुसरं काय द्यावं? नाव होतं, ते दिलं.

“आणि पुढे काय झालं ते का सांगत नाहीस?” अण्णाकाका म्हणाले. “खंडेराव १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने गेले. बापाच्या आधी. सुभेदार १७६६ साली आलमपूरला गेले. मालेराव पुढच्याच वर्षी. खंडोबाची नावं ठेवलेले तीन पुरुष तेरा वर्षांत संपले आणि राज्य कुणी चालवलं? सुनेने. तिच्या नावात खंडोबा नव्हता. अहिल्या. ज्या नावाला लोक शिळा म्हणून ओळखत होते त्या नावाची बाई. तिने अठ्ठावीस वर्षांत त्या नावाचा अर्थच बदलून टाकला. आज विमानतळाला तिचं नाव आहे, विद्यापीठाला आहे. अर्थ नावातून माणसात येत नाही गं, माणसातून नावात जातो.”

हा त्यांचा सर्वांत चांगला मुद्दा होता, आणि ते ओळखून होते. त्यांनी तो तिथे सोडला नाही.

“त्याच घराण्यात त्याच नावाचा दुसरा राजा झाला. १८११ साली गादीवर बसवला तेव्हा पाच-सहा वर्षांचं पोर. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई हरलो, जानेवारीत मंदसौरचा तह झाला, बरंच राज्य गेलं, तेव्हा तो अकरा-बारा वर्षांचा होता. थोरल्या सुभेदारांचं नाव घेऊन बसला होता बिचारा. काय केलं त्या नावाने त्याच्यासाठी? आणि बडोद्याचे गायकवाड घे. नाव तेच. इंग्रजांनी १८७५ साली गादीवरून काढलं.”

“मल्हारराव गायकवाड,” मी म्हणाले.

“तेच.”

मला वाटतं, वडीलधारी माणसं इतिहासातली उदाहरणं देतात तेव्हा ती बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाबद्दल बोलत असतात. महिदपूर, बडोदं ही त्यांची अडचण नव्हती. ते मला जरा उशिरा कळलं.

मध्येच वहिनी चहा घेऊन आली. ती देवासची, म्हणजे कुमार गंधर्वांच्या गावची, आणि गाणं शिकलेली. तिला या नावात खंडोबा नाही आणि होळकरही नाहीत. तिच्या मते मल्हार म्हणजे आंदोलन घेणारा कोमल गंधार आणि एकमेकांना खेटून येणारे दोन निषाद. मियाँमल्हार. पोटात असताना बाळाला तिने तोच ऐकवला आहे. “मल हरणारा तो मल्हार, असं आमच्या बाई सांगायच्या,” ती म्हणाली. व्युत्पत्ती म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही, पण पहिल्या पावसानंतरचं इंदूर ज्याने पाहिलंय तो तिच्याशी भांडणारही नाही. तिने कप ठेवले, बाळ रडलं म्हणून आत गेली.

“बघ,” अण्णाकाका म्हणाले, “तिला पाऊस ऐकू येतो. तुला सुभेदार दिसतात. तुझ्या भावाला ती टीव्हीवरची मालिका आठवत असेल. एकाच नावाचे तीन अर्थ तर या घरातच झाले. मग खरा अर्थ कुठला?”

“तिन्ही. आणि तुम्हाला काय दिसतं, अण्णा?”

“मला माई दिसते,” ते म्हणाले.

माई म्हणजे माझी आजी, त्यांची आई. आजोबांना घरात सगळे दादा म्हणत. दादांचं नाव मल्हार होतं हे मला माहीत होतं, ते फोटोखाली लिहिलेलंच आहे. पण त्या नावाची माईच्या बाजूने काय गत होती, याचा विचार मी पन्नाशी आली तरी केला नव्हता.

“नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे तेव्हा सगळ्याच घरांत होतं,” अण्णाकाका म्हणाले. “पण इतर बायकांचं निभावून जाई. हिची पंचाईत बघ. राहायची कुठे? तर या पेठेत! टांगेवाला विचारी, बाई, कहाँ जाना है? ही म्हणे, बडा गणपती. मग बडा गणपतीला उतरून, पिशव्या घेऊन, इथपर्यंत चालत येई. उन्हाळ्यात सुद्धा. तिचा भाऊ रामबागेत ज्या शाळेत होता ती शाळाही त्याच नावाची. तिला ती ‘रामबागेतली शाळा’. समोरच्या वाड्यात गाण्याच्या बैठकी व्हायच्या, पावसाळ्यात तर तो राग ठरलेला. ती दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगायची, काल पावसाचा राग फार छान झाला. पावसाचा राग! तुझ्या वहिनीने हे ऐकलं तर तिला रडू येईल.”

“आणि चंपाषष्ठीला?” मी विचारलं. विचारतानाच मला उत्तर कळलं होतं.

“तळी भरायचो. ताम्हनात विड्याची पानं, सुपाऱ्या, खोबऱ्याची वाटी, त्यात भंडारा. दादा आणि आम्ही पोरं मिळून पाच जण ताम्हनाला हात लावायचो आणि तीनदा वर उचलायचो. ओरडायचं तर असं की पेठेत ऐकू गेलं पाहिजे. येळकोट, येळकोट, आणि पुढचे दोन शब्द. माई स्वयंपाकघराच्या दारात उभी असे. वांग्याच्या भरिताचा हात तसाच. ती ‘सदानंदाचा येळकोट’ एवढं म्हणे आणि ओठ मिटून घेई. मी सात-आठ वर्षांचा असेन. मला वाटलं, हिला पुढचं येत नाही. मी तिला शिकवायला गेलो. म्हटलं, माई, असं म्हणायचं. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. म्हण ना, म्हण ना. ती हसली आणि भंडाऱ्याने पिवळं झालेलं खोबरं माझ्या तोंडात घातलं.”

खाली गाडीवाल्याने नवीन घाणा कढईत सोडला. तेल चुरचुरलं.

“देवाचं नाव होतं ते,” मी म्हणाले. “देवाचं नावसुद्धा घेता आलं नाही तिला?”

“नाही. उखाण्यात घ्यायची. हळदीकुंकवाला बायका आग्रह करत तेव्हा लाजत, दोन ओळींत गुंडाळून. तेवढी सूट होती. पण ते नाव घेणं झालं, ती हाक नव्हे. दादा गेले तेव्हा दाखला काढायला मी तिला घेऊन गेलो होतो. खिडकीतल्या बाबूने विचारलं, मरने वाले का नाम? तिने माझ्याकडे पाहिलं. बाबू म्हणाला, आप पत्नी हैं ना? नाम नहीं पता? मी कागदावर लिहून सरकवलं.” त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. “त्या नावाने या घरात कुणी कुणाला कधी हाक मारलेली नाही. दादांच्या आईने तरी मारली असेल म्हणावं, तर ती मुलाला बाळ म्हणायची, मग दादा म्हणायला लागली. सत्तर वर्षं ते नाव नुसतं कागदावर होतं. अर्थ होता, इतिहास होता, मान होता. आवाज नव्हता. म्हणून म्हणतो, नको. पोराला असं नाव दे, जे त्याची आई चुलीपाशी उभी राहून ओरडू शकेल.”

मला त्या क्षणी एक गोष्ट लक्षात आली. आम्ही तासभर बोलत होतो. सुभेदार, त्या नावाचा दुसरा राजा, बडोद्याचे गायकवाड, ती पेठ, तो राग, पुढचे दोन शब्द. अण्णाकाकांनी सगळं सांगितलं होतं आणि ते नाव एकदाही तोंडावाटे काढलं नव्हतं.

“तुम्ही घेतलंत का कधी?” मी विचारलं.

“काय?”

“नाव. दादांचं.”

“मी? अगं, शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत, माझं नाव लिहिलं की मध्ये त्यांचं येतंच. इथले फॉर्म तर वडिलांच्या नावाची वेगळी ओळच ठेवतात. हजारदा लिहिलं असेल.”

“लिहिलंत. म्हणालात कधी?”

त्यांनी बशीतला शेवटचा तुकडा उचलला. तो गार झाला होता. तरी बराच वेळ चावत राहिले.

इथे माझी बाजू मांडते, कारण त्या दिवशी मला ती नीट मांडता आली नाही. माईचं ऐकल्यावर माझं मन डळमळलं नाही, उलट पक्कं झालं. जेजुरीला होळकर तलावाच्या काठी मल्हार-गौतमेश्वराचं देऊळ आहे. मल्हारराव आणि त्यांची बायको गौतमाबाई, दोघांच्या नावांची मिळून ती पिंड. नवराबायकोची नावं दगडात एका दमात उच्चारली जातात, पुजारी रोज उच्चारतो. राजाच्या घरात हे होऊ शकलं. आमच्या माईला मात्र स्वतःच्या पेठेचं नाव सांगता आलं नाही. नाव मोठं असल्याने तिचं तोंड बंद झालं नव्हतं. ज्यांनी ते घ्यायचं त्यांतून बायका वगळल्या होत्या, म्हणून झालं होतं. मग ते नाव पेटीत घालून ठेवणं हा त्यावर उपाय कसा? ते आता एका बाईने दुसऱ्या बाईसमोर, बायकांनी भरलेल्या खोलीत, मोठ्याने घ्यायला हवं. बारशाइतकी चांगली जागा त्यासाठी नाही. तिथे तर नाव सांगण्याचा हक्कच बाईचा असतो.

मी हे तुटकं तुटकं त्यांना सांगितलं.

“म्हणजे माईचं राहिलेलं काम तू बारा दिवसांच्या पोरावर टाकते आहेस,” अण्णाकाका म्हणाले.

हा घाव वर्मी बसला. आम्ही मुलांना नावं ठेवतो तेव्हा आमच्या इच्छा, आमची भांडणं, आमची राहून गेलेली कर्तव्यं त्यांच्या गळ्यात बांधतो, हे खरंच आहे. मी विचार केला. मग म्हटलं, “पोराला काय करायचंय? त्याने नुसती मान वळवून बघायचं. काम हाक मारणाऱ्याचं आहे. म्हणजे माझं, वहिनीचं. आणि तुमचं.”

“शाळेत त्याचं मल्लू होईल.”

“होऊ दे.”

“होऊ दे काय? कॉलनीतली पोरं म्हणतील, क्यों मल्लू भिया! इंदूर आहे हे. इथे कुणाचंही तीन अक्षरी नाव तिसरीच्या पुढे टिकत नाही. आणि वर भिया लागतोच.”

“अण्णा, खंडोबाला मुसलमान भक्त काय म्हणतात, माहीत आहे ना? मल्लूखान. देवाला चालतं, तर आपल्या पोराला का चालू नये?”

या वेळी ते मनापासून हसले. “हे मी वर्गात सांगत नव्हतो,” म्हणाले. मग त्यांनी जोडाक्षराची तक्रार काढली. ‘ल्ह’ आपल्या तोंडात एकजीव येतो. कोल्हा म्हणतो, पाल्हाळ म्हणतो, जीभ अडत नाही. शेजारच्या भाभी मात्र त्याचे तुकडे करतील, मल-हार. मी म्हटलं, तीही हाकच. आपण तरी अर्ध्या इंदूरची नावं कुठे त्यांच्यासारखी घेतो?

हळूहळू अंधार पडला. गल्लीच्या तोंडाशी पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांच्या आया एकेक करून गॅलऱ्यांत यायला लागल्या होत्या. अण्णाकाकांनी काठी घेतली, पण उठले नाहीत.

“उभी राहा,” ते मला म्हणाले. “नाव कागदावर कळत नाही. पोर त्या टोकाला खेळतंय, दिवे लागलेत, जेवायला बोलवायचंय. मार हाक.”

“आत्ता?”

“मग केव्हा? रविवारी कानात कुजबुजशील. कानात सगळीच नावं गोड लागतात.”

मी कठड्याशी गेले. का कोण जाणे, घसा कोरडा पडला. “मल्हार,” मी म्हणाले.

“असल्या आवाजाने कुणी येत नसतं.”

मी पोट आत ओढलं आणि ‘ल्हा’वर श्वास सोडून दिला. “मल्हाऽऽर!” नाव गल्लीभर गेलं. समोरच्या गॅलरीतल्या बाईने वर पाहिलं. वहिनी बाळाला घेऊन दारात येऊन उभी राहिली. खालून जाणाऱ्या एका सायकलवाल्या पोराने पाय टेकला, मान वर करून बघितलं.

“किसको बुला रिये हो, आंटी?”

मला उत्तर सुचेना. मागे काठी वाजली. अण्णाकाका कठड्याला धरून उभे राहिले होते. ते खाली वाकले.

“मल्हार को, भिया,” ते म्हणाले. “मल्हार को.”